बोर्डाचं राहू द्या, तुमचं सांगा

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर दरांचा फलक असतो. कोणत्या फेरीत कोणते पॉइंट दाखवणार आणि त्याचे किती रुपये होणार, हे टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं त्यावर मांडून ठेवलेलं असतं. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना बोलायला काही उरत नाही, असं परक्या माणसाला वाटेल. आपल्याकडचा कुटुंबप्रमुख मात्र तो फलक वरपासून खालपर्यंत वाचतो, चष्मा पुसून पुन्हा वाचतो आणि त्याच फलकाला टेकून उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याला विचारतो, "महाबळेश्वर दर्शनाचं काय घेणार?" "बोर्डावर लिहिलंय ना, साहेब." "बोर्डाचं राहू द्या हो, तुमचं सांगा." पुढची वीस मिनिटं इंधनाचा भाव, घाटाची चढण, गिऱ्हाइकाची मंदी आणि 'मागच्या वेळी आम्ही आलो होतो तेव्हा' या विषयांवर सांगोपांग चर्चा होते. मागे कुटुंब उन्हात उभं असतं. मुलांचं घोडा मागूनही झालेलं असतं आणि त्यावर बोलणी खाऊनही झालेली असतात. अखेर तह होतो. शंभर रुपये कमी, आणि त्या बदल्यात केट्स पॉइंट रद्द. केट्स पॉइंटवरून दिसतं काय? धोम धरणाचं पाणी. ते तर येताना पसरणीच्या घाटातूनही दिसलं होतं, मग त्याचे पुन्हा पैसे कशाला मोजायचे? या युक्तिवादापुढे टॅक्सीवाला मान तुकवतो, कारण त्याचंही इंधन वाचलेलं असतं.

या प्रसंगाला लोक हसतात. मला त्यात एक सिद्धान्त दिसतो. मराठी मध्यमवर्गीय माणूस स्थळं पाहायला बाहेर पडतो, हा पर्यटन खात्यापासून सगळ्यांचा गैरसमज आहे. तो पैसे वाचवायला बाहेर पडतो, वाटेत स्थळं लागतात. घरी बसून वाचलेल्या पैशांना कोणी विचारत नाही. ते बँकेत पडून राहतात आणि त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नसते. शिवाय सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीत बसून महाबळेश्वरच्या टॅक्सीचे शंभर रुपये वाचवता येत नाहीत. त्यासाठी आधी काही हजार मोजून महाबळेश्वर गाठावंच लागतं. सहल जितकी लांबची, तितक्या वाचवायच्या जागा जास्त, आणि जितक्या जागा जास्त तितका माणूस परत आल्यावर ताजातवाना दिसतो. हवापालट, निसर्ग, इतिहास हे सगळं अर्जात लिहायचं कारण आहे. रजा मंजूर करणाऱ्या साहेबालाही ते ठाऊक असतं, कारण त्याचाही गावोगावचा टॅक्सीवाला ठरलेला असतो.

परंपरा म्हणाल तर तीही आहे. मराठीतल्या अतिशय गाजलेल्या प्रवासवर्णनांपैकी एक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. ते १९०७ मध्ये छापून आलं. वरसईचे हे भिक्षुक काही ताजमहाल बघायला उत्तरेत निघाले नव्हते. घरात कर्ज होतं, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी होती, दक्षिणा बरी मिळेल असा हिशेब करून ते निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी गावात राहून भोगला. मिळालेलं लुटलं गेलं आणि घरी आली ती गंगेची कावड. इतिहासाचे अभ्यासक त्या पुस्तकात झाशीची राणी शोधतात. आपल्यासारखा वाचक मात्र दक्षिणा किती मिळाली नि किती गेली, याची बेरीज मनातल्या मनात करत पुढे सरकतो आणि शेवटी म्हणतो, "एवढं करून तोट्यातच की हो!"

विष्णुभटांचं दुर्दैव असं की त्यांच्या काळी एस.टी.चा पास नव्हता. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली आणि 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना १९८८ साली आली. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि त्या मुदतीत वाटेल तेवढं हिंडायचं. माझ्या सिद्धान्ताचा सर्वांत भक्कम पुरावा हाच. पास काढलेल्या माणसाला कुठे जायला आवडतं? जिथलं तिकीट सर्वांत महाग, तिथे. पुण्याचा पासधारक लोणावळ्याचं नाव ऐकून घेत नाही, नारायणगावची गाडी समोर उभी असली तर तोंड फिरवतो आणि थेट नागपूर धरतो. "नागपूरला काय आहे?" असं बायकोनं विचारलं, तर तो शांतपणे सांगतो, "सातशे किलोमीटर आहेत." नागपूरला उतरल्यावर समोर चंद्रपूरची गाडी लागलेली असते, आणि खिशात पासाचा एकेक तास जळत असतो. थांबून शहर बघायचं म्हणजे तेवढा वेळ पास नुसता खिशात ठेवायचा. हा अपव्यय त्याला सोसवत नाही. रात्रीचा प्रवास तर दुहेरी फायद्याचा, कारण लॉजचे पैसे वाचतात. मान आखडते, पण मानेचा हिशेब वेगळ्या वहीत असतो.

त्याची खरी वही मात्र बघण्यासारखी असते. पाठकोऱ्या कागदांची, रबर लावलेली, शर्टाच्या खिशात मावणारी. डावीकडे गावं, मधे किलोमीटर, उजवीकडे तिकीट काढलं असतं तर किती पडलं असतं तो आकडा. तो कंडक्टरला प्रत्येक वेळी विचारतो, "इथून तिथपर्यंत फुल किती?" आणि कंडक्टर म्हणतो, "तुमच्याकडे पास आहे ना?" "पास आहे, पण किती?" उजवीकडच्या रकान्याची बेरीज पासाच्या किमतीपेक्षा जास्त होते, तो या सहलीचा सर्वोच्च क्षण. तो बहुधा वाशीम आणि हिंगोलीच्या मधे कुठेतरी, रात्री अडीच वाजता, खिडकीची काच खडखडत असताना येतो. पासधारक बायकोला हलवून उठवतो. "अगं, सुटले!" ती घाबरून विचारते, "काय सुटलं? ब्रेक?" "नाही गं, पैसे सुटले!" कैलास लेण्यासमोर उभं राहून कलावंताला जे काही होत असेल, तेच त्याला त्या अंधारात होतं. आता यापुढचा प्रत्येक किलोमीटर फुकट, असं म्हणून त्यानं तरी निवांत व्हावं. पण फुकटचं चालू असताना उतरणार कोण? आठव्या दिवशी घरी आलेल्या या माणसाला महाराष्ट्र संपूर्ण पाठ झालेला असतो. कोणत्या स्टँडवरचा पंखा चालतो, कुठला वडा कालचा असतो आणि कोणत्या फलाटासमोरचा बाक उन्हात येत नाही, हे त्याच्याइतकं एस.टी.च्या अध्यक्षांनाही ठाऊक नसेल.

सरकारनं यात तेल ओतलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं. पासष्ट ते पंचाहत्तर या वयालाही निम्मंच. त्यामुळे एका सुखी कुटुंबाचा हिशेब असा बसतो: आजोबा फुकट, आजी निम्म्यात, सूनबाई निम्म्यात, नात निम्म्यात. पूर्ण तिकीट लागणारा घरात एकच प्राणी उरतो, तो म्हणजे घरचा कर्ता. संपूर्ण सहलीला महाग करणारा माणूस आपणच आहोत, हे त्याच्या लक्षात येतं तेव्हा त्याची अवस्था बघवत नाही. "अहो, मग तुम्ही नाही आलात तर?" असं बायको केवळ सहानुभूतीनं विचारते आणि तो त्यावर गंभीरपणे विचार करू लागतो. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत, हे कळल्यापासून गोव्याविषयीचं मतही बदललं. बांद्याच्या पुढे पूर्ण तिकीट पडणार असेल, तर शिरोड्याला आणि वेंगुर्ल्याला काय समुद्र नाही का? पाणी तेच, वाळू तीच, आणि लाट काही सीमेवर थांबून पुढे जात नाही. उलट रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, तेव्हापासून काशी पूर्वीपेक्षा लांब गेली आहे. गाडी तीच, रूळ तेच, पण काठीला टेकून आजोबा म्हणतात, "आता एवढ्या लांबचं झेपत नाही." काल-परवा चाळीस टक्के सवलतीत तेच अंतर त्यांना सहज झेपत होतं. सरकारी नोकरांचं प्रकरण आणखी वेगळं. केंद्राच्या प्रवास सवलतीचं गणित चार वर्षांच्या गटावर चालतं. त्या गटाचं शेवटचं वर्ष उजाडलं की ज्यांनी आयुष्यात कधी बर्फाबद्दल कुतूहल दाखवलं नव्हतं, ते अचानक काश्मीरच्या चौकश्या करू लागतात. बर्फ आवडतो म्हणून नाही. सवलत बुडेल म्हणून.

वय हा या शास्त्रातला सर्वांत लवचीक पदार्थ आहे. मुलाला शाळेत एक वय असतं. प्रवासात त्याला गरजेप्रमाणे वय दिलं जातं. पाच वर्षांखाली गाडीत फुकट, बारापर्यंत निम्मं, आणि पुरातत्त्व खात्याच्या दारात पंधराच्या आत असलं की प्रवेश मोफत. म्हणजे तोच मुलगा रेल्वेत अकरा वर्षांचा असतो आणि अजिंठ्याच्या तिकीट खिडकीवर चौदाचा. तीन वर्षं तो जळगाव स्टेशन आणि फर्दापूर यांच्या दरम्यान वाढतो. रेल्वेनं एप्रिल २०१६ पासून नियम केला की अशा मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरा, निम्म्या भाड्यात बर्थ नाही. त्यामुळे अकरा वर्षांचा ठरवलेला, मिसरूड फुटू लागलेला, पाच फूट चार इंचांचा मुलगा वडिलांच्या बर्थवर पायथ्याशी घडी करून ठेवलेला आढळतो. टीसी येतो. "याचं वय काय?" "अकरा," वडील म्हणतात, "नुकतीच पूर्ण झाली." टीसी पुढे सरकणार इतक्यात मातृप्रेम उफाळून येतं. "बघून वाटत नाही, पण आठवीत आहे हो! यंदा स्कॉलरशिपला बसवलाय." त्यानंतर भरलेला दंड हा स्कॉलरशिपच्या रकमेतून वळता होईल, एवढीच आशा उरते.

खाण्याच्या बाबतीत मात्र हिशेबाची वही सरळ सरळ खोटं बोलते. दशम्या पहिल्या दिवशी, धपाटे दुसऱ्या दिवशी, गुळाच्या पोळ्या कितीही दिवस, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, चिवडा आणि सगळं संपलंच तर म्हणून लाडू. 'बाहेरचं खाणं: शून्य रुपये' असं वहीत अभिमानानं लिहिलं जातं. त्या शून्यासाठी घरातली बाई आधी दोन दिवस ओट्यापाशी उभी असते आणि निघायच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठते, याला वहीत रकाना नाही. तिची सहलीची कल्पना फार साधी असते: चार दिवस कोणीतरी आयतं ताट पुढे ठेवावं. ती कल्पना पुरी होऊ नये याची पुरेपूर काळजी काटकसर घेते. हॉटेलच्या खोलीत 'येथे स्वयंपाक करू नये' अशी पाटी असते आणि पाटीखालच्याच प्लगला घरून आणलेला कुकर लावलेला असतो. मजल्यावरचा फ्यूज उडाला की सगळ्या खोल्यांतून माणसं बाहेर येतात. खिचडीचा वास येत असतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयानं बघतो, कारण प्रत्येकाच्या खोलीत कुकर असतो.

मग प्रत्यक्ष स्थळं बघायची वेळ येते. ती अपरिहार्यच असते. सोमवार ते गुरुवार हॉटेलं स्वस्त असतात, म्हणून शहाणा माणूस रविवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो आणि सोमवारी अजिंठ्याच्या बंद दारासमोर उभा राहतो. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. बुधवारी परतीचं आरक्षण. "पण खोली निम्म्यात पडली," हे वाक्य त्या कुटुंबात पुढे अनेक वर्षं टिकतं. लेणी उघडी सापडली तर गाइडचा प्रश्न येतो. गाइड करणं हा पराभव समजला जातो. सभ्य रीत अशी की दुसऱ्या कोणीतरी केलेल्या गाइडपासून चार हातांवर, खांबाकडे निरखून बघत, कान तिकडे ठेवून उभं राहायचं. गाइडच्या हे लक्षात येतं आणि तो आवाज खाली आणतो. मग आपण दुसऱ्या घोळक्याकडे सरकतो. अशा रीतीनं गोळा केलेल्या इतिहासात राष्ट्रकूट राजा पहिल्या घोळक्यातून येतो, सनावळी दुसऱ्यातून आणि राजाच्या शेवटाची हकिकत शेजारच्या बौद्ध लेण्यातून. घरी जाऊन मुलांनी वहीत लिहिलेलं वर्णन वाचून इतिहासाच्या बाई हतबुद्ध होतात, पण माहिती फुकट मिळालेली असते, तेव्हा तिच्यात चूक काढणंही बरं दिसत नाही.

ताजमहालाचा मामला याहून नाजूक आहे. आवारात शिरायला पन्नास रुपये, आणि डिसेंबर २०१८ पासून मुख्य घुमटाच्या आत जायला वेगळे दोनशे. हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून आलेलं कुटुंब त्या वरच्या दोनशेपाशी अडतं. तिथली चर्चा ऐकण्यासारखी असते. "आत काय आहे?" "शहाजहान आणि मुमताजच्या कबरी." "खऱ्या?" आता सत्य असं आहे की खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत आणि वर दिसतात त्या देखाव्याच्या. हे कोणीतरी जाणता सांगतो आणि कुटुंबप्रमुखाचा चेहरा उजळतो. "म्हणजे नकली बघायला दोनशे?" पाच माणसांचे हजार रुपये एका वाक्यात वाचतात. बाहेर संगमरवराच्या बाकावर बसून सगळे जण एकमेकांना सांगतात की ताजमहाल मुळात बाहेरूनच बघायची वस्तू आहे. शहाजहाननंही बघितला असेल तो लांबूनच, आग्र्याच्या किल्ल्यातून. त्यालाही तिकीट पडलं नव्हतं.

उलट काही स्थळं अशी आहेत की ती मराठी प्रवाशासाठीच घडवली असावीत. महाबळेश्वरच्या आर्थरसीटवरून हलकी वस्तू खाली टाकली तर दरीतून वर येणारा वारा ती परत आणून देतो. टाकलेलं परत मिळतं, अशी जागा पर्यटनाच्या नकाशावर विरळाच, आणि तिथे गर्दी कमी झालेली कोणी पाहिली नाही. दुसरं, विजापूरचा गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीच्या सज्ज्यात उभं राहून एकदा हाक मारली की ती पुनःपुन्हा ऐकू येते. एका हाकेच्या पैशांत अनेक हाका. तिथून खाली उतरणारा माणूस वास्तुशास्त्राबद्दल काही बोलत नाही, तो म्हणतो, "वसूल आहे!"

आता आक्षेप. पहिला आक्षेप सहृदय लोक घेतात: हसता काय, बिचाऱ्यांकडे पैसे नसतात, म्हणून काटकसर करावी लागते. दिसायला हे मत उदार आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. टॅक्सीत शंभर रुपये वाचवलेला हाच माणूस संध्याकाळी महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी क्रशच्या सहा बाटल्या, चार किलो चणे, तीन चपलांचे जोड आणि काठी न लागणाऱ्या माणसासाठी एक काठी घेतो. क्रशची तीच बाटली त्याच्या घराखालच्या दुकानात मिळते, आणि तिथे ती उचलून आणावी लागत नाही. बनारसमध्ये रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून तत्त्वासाठी भांडलेलं कुटुंब समोरच्याच दुकानात साडीला काही हजार मोजतं, आणि तेही "आमच्यासाठी म्हणून खास" या एका वाक्यावर. पैसे नाहीत म्हणून काटकसर करणारा माणूस असा वागत नाही. ज्याच्या खिशात खरोखरच फारसं काही नसतं, असा वारकरी आळंदीहून पंढरपूरला पायी जातो, मिळेल ते खातो, मिळेल तिथे पाठ टेकतो आणि परत आल्यावर वारी वसूल झाली की नाही, हा हिशेब मांडत नाही. काटकसर हा ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचा छंद आहे.

दुसरा आक्षेप तरुण घेतात: हे सगळं तुमच्या पिढीचं, आम्ही जगतो, उडवतो. उडवताना त्यांचं वागणं मात्र नीट बघावं. स्लीपरचं तत्काळ आरक्षण सकाळी अकराला उघडतं, त्यासाठी चार मित्र चार फोन घेऊन कामाच्या वेळी कचेरीच्या जिन्यात उभे असतात. आधी सहा ॲपवर त्याच खोलीचे भाव ताडून झालेले असतात, कूपन कोड मागवून झालेले असतात, आणि त्या खोलीबद्दलचे शंभरेक परक्या लोकांचे अभिप्राय वाचून झालेले असतात. त्या साऱ्या खटाटोपातून तीनशे रुपये सुटतात. पुढे सहलीत एकानं चहा घेतला नाही म्हणून त्याचे पंधरा रुपये वजा करायला ॲप असतं, आणि ते ॲप घरी आल्यावरही महिनाभर आठवण करून देत राहतं. आजोबांच्या पाठकोऱ्या वहीला रबर होतं, यांच्या वहीला पासवर्ड आहे. एवढाच पिढ्यांमधला फरक. आणि ज्या ग्रुपवर 'गोवा नक्की' असं नाव देऊन तीन वर्षं चर्चा चालते आणि कोणी कुठेच जात नाही, तो तर या शास्त्राचा कळस आहे. त्यांचे सगळेच पैसे वाचले.

तिसरा आक्षेप परदेशी सहलींचा. माणशी काही लाख भरून युरोपला जाणारा माणूस काय पैसे वाचवतो, असं विचारतात. वाचवतो, आणि तिथे तर त्याची प्रतिभा बहरते. सकाळच्या न्याहारीला केळी, उकडलेली अंडी आणि बनपाव कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये जातात. दुपारचं जेवण सुटतं. युरोपात सार्वजनिक स्वच्छतागृहाला पैसे पडतात, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर येणारी वेदना त्यानं घरच्या कोणत्याही बिलासाठी दाखवलेली नसते. एक युरो म्हणजे शंभरेक रुपये, आणि तेही परत काही न मिळता! "हॉटेलातच उरकून घ्या," असं सहलीचा व्यवस्थापक रोज सकाळी बसमध्ये सांगतो आणि संपूर्ण बस एकदिलानं ते पाळते. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटर उंचीवर आहे. तिथे चौफेर बर्फ असतो आणि त्या बर्फासमोर कोणीतरी थालीपिठाचा डबा उघडतं, कारण खाली दिसलेल्या कॉफीच्या किमतीला शंभरानं गुणून झालेलं असतं. ज्यानं लाखो रुपये एका सहीत दिले, तो या एका कॉफीवर अडून बसतो. लाखांचा आकडा त्याच्या हातात नव्हता, कॉफीचा आहे.

चौथा आक्षेप मात्र तर्काचा आहे, आणि तो घ्यायला हुशार माणूस लागतो: वाचवायचंच असेल तर घरी का बसत नाहीत? सगळेच वाचतील. दिसायला बिनतोड. पण यात खेळाचं मर्म सुटलं. वाचवण्यासाठी समोर कोणीतरी लागतो, ज्यानं आपल्याला लुबाडायचं ठरवलं आहे अशी आपली खात्री आहे. घरात असा माणूस कोण? भाजीवाला आपल्याला ओळखतो, किराणावाला वडिलांपासूनचा, वीजमंडळाशी घासाघीस होत नाही. बाहेरगावी मात्र प्रत्येक माणूस प्रतिस्पर्धी: टॅक्सीवाला, गाइड, हमाल, नावाडी, लॉजवाला, पाण्याची बाटली विकणारा पोरगा. पहाटे उठल्यापासून सामने सुरू. त्यात काही जिंकायचे, काही हरायचे, आणि हरलेले सामने वहीत 'इतर' या सदरात लिहायचे. कचेरीत वर्षभर कोणाकडूनही काहीही कमी करून न मिळालेल्या माणसाला चार दिवस हे साम्राज्य मिळतं. लॉजवाल्याला हे पुरतं माहीत असतं, म्हणून तो आधीच दोनशे वाढवून सांगतो, आणि दोनशे कमी केल्यावर दोघंही विजयी होऊन आपापल्या खोल्यांत जातात. महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्यांनी मात्र दर रंगवून ठेवून या साऱ्या आनंदावर पाणी फिरवलं. म्हणूनच तिथे केट्स पॉइंटचा बळी द्यावा लागतो.

तेव्हा सुट्टीत कोणी शेजारी किंवा नातेवाईक फिरून आले, तर त्यांना "काय काय पाहिलंत?" असं विचारून अवघडून टाकू नका, त्यांना आठवायला त्रास होईल. "कितीत पडलं?" असं विचारा, समोर चहा ठेवा आणि हाताशी तासभर वेळ असू द्या. आकडा कितीही सांगितला तरी "एवढ्यात?" असं आश्चर्यानं म्हणा. आणि एक कळकळीची विनंती: तुम्हाला तीच सहल त्याहून स्वस्त पडली असेल, तर ते मनातच ठेवा.